गाडीवर मागे झोपणाऱ्यांसाठी हँडलवाला बेल्ट: आठ महिने वापरून काय वाटलं

आधीच सांगतो, माझी बायको गाडीवर झोपते. डुलकी वगैरे नाही, झोपतेच. गोव्यातल्या डिचोलीहून पहाटे निघालो की दोडामार्गपर्यंत गप्पा, बांद्याला चहा, दाणोलीहून घाट चढायला लागलो की वळणांमुळे टक्क जागी, आणि एकदा आंबोलीचं जंगल मागे पडून आजऱ्याच्या बाजूला रस्ता जरा सरळ झाला, ऊस दिसायला लागला की माझ्या हेल्मेटवर मागून टक्. परत टक्. मग तो टक् पण बंद आणि पाठीवर सगळं ओझं. तिचं माहेर आजऱ्याकडचं, त्यामुळे हे वर्षातून पाच-सहा वेळा ठरलेलं, कधी कधी तिथून पुढे कोल्हापूरला अंबाबाईला, म्हणजे संकेश्वरवरून हायवेला लागून निपाणी-कागल, आणि तो रुंद सरळसोट रस्ता तर तिच्यासाठी अंगाईच.

तर हा बेल्ट मागवला ऑनलाइन, ८४९ रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दहा नावांनी तोच एक माल विकतात. वस्तू साधी आहे, चालवणाऱ्याने कमरेला बांधायचा जाड नायलॉनचा रुंद पट्टा, पुढे शाळेच्या दप्तराला असतं तसं प्लास्टिकचं बक्कल, आणि दोन्ही बाजूला फोम गुंडाळलेली हँडलं, ती मागच्याने धरायची. जाहिरातीतल्या फोटोत मागे एक मुलगी बापाच्या पाठीवर डोकं टेकून गाढ झोपलेली दाखवलीय आणि खाली लिहिलंय की झोप लागली तरी सेफ. ह्या एका वाक्यावर मी पैसे टाकले आणि ह्याच वाक्यावर माझं भांडण आहे.

कारण सोपं आहे हो, झोप लागली की मूठ सुटते. हातात हँडल असो, सीटच्या मागची धरायची दांडी म्हणजे ग्रॅबरेल असो नाहीतर नवऱ्याचं जाकीट, झोप लागायला लागली की अंगातला ताण जातो, आधी बोटं सैल पडतात, मग मान जाते. बेल्टला माझी कंबर घट्ट बांधलेली, पण तिला कुठे काय बांधलंय? तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे तिची मूठ, आणि नेमकी तीच झोपेत पहिली रजा घेते.

एप्रिलमध्ये झालं ते सांगतो. पहाटे साडेचारला उठलेलो, त्यात हिने सवयीने उलटीची गोळी घेतलेली. गाडीवर हिला कधी उलटी होत नाही, बसमध्ये होते, पण घाट म्हटला की गोळी हे समीकरण डोक्यात पक्कं. त्या प्रोमेथाझिनच्या गोळीने काय गुंगी येते ते ज्यांनी घेतलीय त्यांना माहितीय, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांचं पण तसंच. आजरा आठ-दहा किलोमीटर राहिला असेल, उजवीकडचं एक साधं वळण, मी गाडी उजवीकडे कलवली आणि मागचं वजन डावीकडे निघालं. तिचा डावा हात हँडलवरून सुटलेला, उजवा कसाबसा अडकलेला, आणि त्या एका हाताच्या ओढीने अख्खा बेल्ट माझ्या कमरेभोवती फिरला, पोटावरचं बक्कल पार बाजूला बरगडीखाली गेलं. गाडी रस्त्याच्या कडेला, चाक जवळपास मातीत. पडलो नाही, समोरून काही येत नव्हतं एवढंच नशीब. पुढे एक रसवंती होती तिथे थांबलो, दोघंही दहा मिनिटं काही बोललो नाही, मग ती म्हणाली, "अहो, मी झोपले नव्हते." बरं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर मला बेल्टचा उपयोग कळला, जाहिरातीतला नाही, वेगळाच. ती जागी असते तेव्हा कमरेवर दोन्ही बाजूंनी एक हलकी ओढ सतत जाणवते, खड्डा आला की जास्त, गियर बदलला की जास्त, आणि झोप लागायला लागली की ती ओढ ढिली पडते, हेल्मेट आपटायच्या आधी. म्हणजे माझ्या अनुभवात चांगलं अर्धं मिनिट आधी. जाकीट धरून बसायची तेव्हा हे मला कळायचंच नाही, ग्रॅबरेल धरून बसली तर अजिबातच नाही. आता ओढ गेली की मी डाव्या हाताने तिच्या गुडघ्यावर थाप मारतो, तिने परत दोन्ही हँडलं ओढायची. नाही ओढली तर गाडी बाजूला, मग तिथे टपरी असो वा नसो. तेव्हा माझ्या लेखी हा बेल्ट घंटी आहे, दोरी नाही, आणि ८४९ रुपयांची घंटी म्हणून वाईट नाही.

बारीकसारीक सांगतो. शिलाई चांगली आहे, आठ महिन्यांत धागा निघालेला नाही. बक्कल मला पटलेलं नाही, प्लास्टिक आहे, मे महिन्यात उन्हात गाडी उभी केल्यावर त्यावर पांढरट रेघा आल्यात. घामाने कमरेला पट्टा उठतो, गोव्याच्या उकाड्यात हे होणारच, शर्टावरून बांधला तरी. पावसाळ्यात रेनकोटच्या आतून बांधला तर हँडलं आत राहतात आणि वरून बांधला तर फोम स्पंजासारखं पाणी पितो, घरी येऊन दोन दिवस वाळत घालावा लागतो आणि तरी कुबट वास येतो. साईझ ४४ इंचापर्यंत लिहिलंय पण रेनकोटवरून माझ्या ३८ च्या पोटाला तो जेमतेम बसतो, तेव्हा ज्यांचं पोट चवथीनंतर वाढतं त्यांनी एक्स्टेन्शन पट्टा बघूनच घ्या.

दुसरा एक प्रकार मिळतो त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण बरेच लोक तो विचारतात. ह्यात एकच लांब पट्टा दोघांच्या कमरेभोवती येतो, म्हणजे मागच्याला सरळ बांधूनच टाकायचं. ऐकायला बरं वाटतं. मी म्हापशाला सीटवाल्याकडे गेलो होतो तेव्हा त्याच्याकडे टांगलेला दिसला आणि मी हात लावला तर तो स्वतःच म्हणाला, "ते घेव नाका पात्रांव." विकणाराच नको म्हणतो म्हटल्यावर ऐकायचं. त्याचं म्हणणं असं की साठ किलोचं झोपलेलं माणूस तुला बांधलेलं असलं आणि ते एका बाजूला कललं तर तू त्याला धरत नाहीस, ते तुला घेऊन जातं. आणि पडलात तर दोघांना वेगवेगळं होता येत नाही, गाडीसकट गाठोडं.

मग कोणीतरी म्हणेल, लहान मुलांना तर सरकारच बांधायला सांगतं. बरोबर, फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे, चार वर्षांपर्यंतचं मूल मागे असेल तर त्याला हार्नेस, नऊ महिन्यांपुढच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि गाडीचा स्पीड ४० च्या आत. पण नीट वाचा, तो हार्नेस म्हणजे मुलाला घालायचं जाकीट आणि त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यावर, आणि तो ३० किलोपर्यंत वजन पेलणारा असायला हवा असं म्हटलंय. पोरगं झोपलं तरी धडापासून धरलेलं राहतं, आणि बारा-पंधरा किलोचं पोर कललं तर मोठ्या माणसाला सावरता येतं. तेच गणित बायकोला लावू नका. माझ्या भावाने साडेतीन वर्षांच्या पोरासाठी तसा हार्नेस घेतलाय आणि तो खरंच चांगला आहे, वाळपईला जाता-येता पोरगं झोपतं आणि जागचं हलत नाही. आमच्या लहानपणी आई मला ओढणीने बाबांच्या पाठीला बांधायची, राजदूतवर, त्याच्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

म्हापशाला गेलो होतो ते बॅकरेस्टसाठी. माझ्या युनिकॉर्न मोटरसायकलची मागची ग्रॅबरेल काढून त्याजागी पाईपचा सांगाडा आणि त्यावर गादी, १८०० रुपये, अर्ध्या दिवसात दिलं. हा सगळ्यात चांगला खर्च. मागे टेकायला काहीतरी आहे म्हटल्यावर गाडी उचलताना, चढावर गियर बदलताना माणूस मागे जात नाही. एक अट त्याला सांगून करून घेतली की सांगाड्याला बाजूला धरायचे हँडल ठेवायचेच, पॅसेंजरला धरायला मुठीची जागा हवी हा मुळात नियमच आहे, साडीगार्ड आणि फूटरेस्टसारखाच, आणि बरेच जण बॅकरेस्ट लावताना नेमकं तेच उडवतात.

पण बॅकरेस्टने सगळं सुटतं असं पण नाही. मागे जाणं बॅकरेस्ट थांबवतो, ब्रेक मारल्यावर पुढे येणं माझी पाठ थांबवते, राहिलं बाजूला कलणं, त्याला मला बाजारात काही सापडलं नाही. बाजूला फक्त पाय धरून ठेवतात, म्हणजे दोन्ही पाय फूटरेस्टवर घट्ट आणि गुडघे माझ्या मांडीला लागून, आणि झोपेत पाय पण सैल पडतात. म्हणून एका बाजूला पाय टाकून बसणं लांबच्या प्रवासाला आमच्याकडे बंद केलं, त्यावरून सासूबाईंची थोडी नाराजी झाली, साडी नेसून माहेरी यावं असं त्यांचं म्हणणं. आता पिशवीत साडी येते आणि आजऱ्याच्या स्टँडमागे हिच्या बहिणीकडे बदलून होते.

इंटरकॉम पण करून बघितला, मित्राचा मागून आणला. बोलत राहिलं की झोप येणार नाही असा हिशोब. पहिले चाळीस किलोमीटर मस्त, सगळ्या नातेवाईकांचा समाचार घेऊन झाला, मग विषय संपले आणि हिने त्यावर भजनं लावली. संपलं. कानात भजन, वारा, इंजिनची एकसुरी घरघर, इतकी गाढ झोप तर घरी लागत नाही.

पणजीच्या कदंबा बस स्टँडवरच्या एका पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, विचारलं होतं, काळीपिवळी मोटरसायकल चालवून केस पिकलेला माणूस. पहाटे रात्रीच्या बसमधून उतरलेली अर्धवट झोपेतली माणसं तो रोज नेतो. तो म्हणाला, मी काही बांधत नाही की कसलं सामान वापरत नाही, बॅग पुढे टाकीवर घेतो म्हणजे मागच्याचे हात मोकळे राहतात, आणि वाटभर प्रश्न विचारत राहतो. हो-नाही चालणारे प्रश्न नाहीत, झोपेत पण माणूस हो म्हणतो. घर कुठे, वाटेत देऊळ लागतं की कपेल (छोटं चर्च), डावीकडे वळायचं की उजवीकडे. उत्तर चुकलं की गाडी बाजूला. हे मी आता वापरतो. "आज कुठला वार" ला हो आलं की थांबतो.

आणि थांबणं म्हणजे नुसता चहा पिऊन पाच मिनिटांत परत निघणं नव्हे, हे शिकायला मला वेळ लागला. चहा-कॉफीचा परिणाम यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तोवर ती परत झोपलेली असते. आता काय करतो, आधी चहा, मग स्टँडच्या बाकावर तिला पंधरा-वीस मिनिटं सरळ झोपू देतो, मी सामानाजवळ बसतो, उठल्यावर पाच-दहा मिनिटं चालायला लावतो कारण उठल्याउठल्या माणूस अजून अर्धा झोपेतच असतो. ह्याला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. परतीचं टाइमिंग पण बदललं. आधी सासरी जेवून दोनला निघायचो, तांबडा-पांढरा आणि वर घनसाळ तांदळाचा भात हाणून, दुपारी दोन ते चार म्हणजे तशीही झोपेची वेळ, आणि त्या अवस्थेत आंबोलीचा उतार. उतारावर ब्रेक लागतोच, झोपलेलं माणूस पूर्ण वजनाने माझ्यावर, माझे हात हँडलवर ताठ, स्टिअरिंग जड. आता सकाळी न्याहारी करून नऊला निघतो, जेवण सावंतवाडीत. घनसाळची पोटली टाकीवर बांधून आणतो तेवढी.

तर बेल्टला ५ पैकी ३. जागं राहणाऱ्या पॅसेंजरला, लहान उंचीच्या माणसाला, ग्रॅबरेलला हात न पोचणाऱ्या आईला नक्की घ्या. झोपणाऱ्यासाठी घेत असाल तर ढिली पडलेली ओढ ओळखायला शिका, नाहीतर १८०० चा बॅकरेस्ट आधी करा. जाहिरातीतल्या त्या फोटोसाठी मी एक स्टार कापलाय, बक्कलासाठी दुसरा.

चवथीनंतर परत आजऱ्याला जायचंय. हे सगळं हिला वाचून दाखवलं तर म्हणते, ह्यावेळी एसटीने जाऊया, गोळी घेऊन निवांत झोपता तरी येईल.