एमकेडॉक्स मटेरियलवर मराठीतून गेम प्रोग्रामिंग शिकवतोय, सातआठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. नवशिक्यांसाठी गोडो या गेम इंजिनचे (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे) ट्युटोरियल चारपाच जणांनी मिळून मराठीत लिहायचे असतील, होस्टिंगला पैसे नसतील आणि टीममध्ये निदान एकाला गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) नीट येत असेल तर एमकेडॉक्स (साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बनवणारं टूल) आणि त्यावरची मटेरियल थीम घ्या. गिट येणारा कुणीच नसेल तर मात्र या फंदात पडू नका, खरंच सांगतो.

आमचा ग्रुप म्हणजे काही नोकरी करणारे, काही इंजिनिअरिंगची पोरं. वाचणारे बहुतेक डिप्लोमाचे नाहीतर बारावीनंतरचे, लॅपटॉप चार जीबी रॅमचा, आणि ट्युटोरियल मोबाईलवर उघडून समोर लॅपटॉपवर कोड टाइप करणारे. हे शेवटचं लक्षात ठेवा कारण अर्धे निर्णय त्यावरूनच झालेत. गोडो का तर फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडली की चालू. आणि त्यांच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनचं लायसन्स सीसी बाय ३.० आहे, म्हणजे श्रेय देऊन त्यातलं भाषांतर करून वापरता येतं, त्यामुळे पहिल्या टूडी गेमचा धडा आम्हाला कोऱ्या पानापासून लिहावा लागला नाही.

सेटअप सोपा आहे. पायथन हवं, पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं टूल) एक पॅकेज टाकायचं, सर्व्हची कमांड दिली की ब्राउझरमध्ये साइट दिसते आणि फाइल सेव्ह केली की लगेच बदल दिसतो. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून. सगळ्या सेटिंगची वायएमएल फाइल एकच, पण तिच्यात एक स्पेस इकडचा तिकडे झाला की साइट बनतच नाही आणि एरर वाचून नवीन माणूस घाबरतो. होस्टिंग गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट ठेवायची सोय), साइटला १ जीबीची मर्यादा आहे, ती आम्हाला अजून पुरतेय. जीआयएफ टाकत सुटलात तर नाही पुरणार, छोटे व्हिडिओ टाका.

आता देवनागरीचा भाग, यावर मला कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. थीमचा मूळ फॉन्ट रोबोटो, त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येकाच्या मशीनवर मराठी वेगळीच दिसते. सेटिंगमध्ये मुक्ता टाका, मुंबईच्याच एक टाइपचा फॉन्ट आहे, इंग्रजी मराठी दोन्ही एकात, आणि ओळींमधलं अंतर सीएसएसमधून थोडं वाढवा नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन चिकटतात. दुसरं, हेडिंगच्या लिंका. हेडिंग पूर्ण मराठीत असलं की मूळ सेटिंगमध्ये सगळी अक्षरं गळून नुसतं अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन उरतं, मध्ये नवीन हेडिंग घुसवलं की सगळे आकडे सरकतात आणि आधी शेअर केलेली लिंक भलत्याच ठिकाणी उघडते. यावर युनिकोडवालं स्लग (लिंकमधलं नाव) सेटिंग आहे म्हणून ते लावलं तर अजून मजा, पायथनच्या हिशेबात काना मात्रा वेलांटी ही अक्षरंच नाहीत, त्यामुळे खेळाडूचं खळड होतं आणि गोळीचं गळ. शेवटी अॅट्रिब्यूट लिस्टचं एक्स्टेन्शन चालू करून प्रत्येक हेडिंगला हाताने रोमन आयडी द्यायचा नियम केला. कंटाळवाणं आहे पण एकदा सवय झाली की होतं.

सर्चबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतं, म्हणजे खेळाडू टाकलं तर खेळाडूला सापडेल, पण पडदा टाकलं तर पडद्यावर असलेली पानं येत नाहीत. मराठीचं स्टेमिंग, म्हणजे शब्दाच्या मूळ रूपावरून शोधणं, त्यात नाहीच. आम्ही प्रत्येक पानाच्या तळाशी दोनचार शोधशब्द लिहून ठेवतो, जुगाडच तो.

आणि टॅब! जीडीस्क्रिप्टमध्ये (गोडोची कोड लिहायची भाषा) इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, गोडो स्वतः टॅबने करतं, पण पायथन मार्कडाउन (एमकेडॉक्सच्या आतला मार्कडाउन वाचणारा भाग) पान बनवताना टॅबचे स्पेस करून टाकतं. म्हणजे लेखकाने बरोबर टॅब टाकले, वाचकाने कॉपीचं बटण दाबून कोड नेला, स्वतःच्या टॅबवाल्या फाइलमध्ये चिकटवला की लाल ओळ, टॅब आणि स्पेस मिसळलेत म्हणून. गोडोत सेव्ह केलं की मूळ सेटिंगमध्ये इंडेंट आपोआप बदलून मिळतो पण पहिल्याच दिवशी लाल ओळ बघितलेला पोरगा सेव्ह करत बसत नाही, तो म्हणतो ट्युटोरियलच चुकीचं आहे. सुपरफेन्सेस नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये टॅब जपायचा पर्याय आहे, तो चालू करा, सगळ्यात आधी हेच करा.

पण मी हे टूल सोडलं नाही त्याचं कारण दिसणं बिसणं नाही. गेम प्रोग्रामिंगचं ट्युटोरियल भाजीसारखं नासतं. गोडो ४.० मार्च २०२३ मध्ये आलं आणि गोडो तीनवरचे सगळे धडे एका फटक्यात जुने झाले, कायनेमॅटिक बॉडीचं कॅरेक्टर बॉडी झालं, मूव्ह अँड स्लाइडला आधी कंसात व्हेलॉसिटी द्यावी लागायची आता कंस रिकामा, यील्डच्या जागी अवेट, ऑनरेडीच्या आधी अॅटचं चिन्ह. बरं चार म्हणजे सगळं चार सारखंच असंही नाही, ४.३ मध्ये टाइलमॅप जुना ठरवून टाइलमॅपलेयर आणला. यूट्यूबवर आजही तीनवाले व्हिडिओ ढिगाने पडलेत आणि पोरं ते बघून चारमध्ये टाइप करतात आणि मग इंजिनला शिव्या देतात.

तर एमकेडॉक्समध्ये स्निपेट्स म्हणून एक्स्टेन्शन आहे, त्याने लेखात कोड लिहायचाच नाही, खऱ्या प्रोजेक्टच्या फाइलमधला भाग खुणा करून तिथून ओढून घ्यायचा. लेख आणि चालणारा गेम एकाच रेपॉझिटरीत (गिटच्या फोल्डरमध्ये). वर गिटहब अॅक्शन्समध्ये (गिटहबवर कामं आपोआप चालवायची सोय) गोडो पडद्याविना चालवून प्रत्येक स्क्रिप्ट तपासायची, चेक ओन्ली असा फ्लॅग त्यासाठीच आहे. इंजिनची नवीन आवृत्ती आली की आकडा बदलायचा, जे मोडलं ते लाल दिसतं, तेवढंच दुरुस्त करायचं. अर्थात स्क्रिप्ट वाचता येते एवढंच यातून कळतं, गेम बरोबर चालतो का ते हाताने खेळूनच बघावं लागतं, कोलिजन लेयर आणि मास्क (कोण कुणाला धडकणार ते ठरवणारी सेटिंग) उलटे पडलेत हे कुठली कमांड सांगणार. तरी निम्म्याच्या वर त्रास वाचला. आधी कोड लेखातच चिकटवायचो तेव्हा साधी अवतरणचिन्हं वाकडी होऊन जायची आणि कुणाला पत्ताही नसायचा.

गोडो तीन आणि चार अशा दोन टॅबमध्ये (दाबून बदलायच्या कप्प्यांत) कोड दाखवायची सोय थीममध्ये आहे, दिसायला झकास, आम्ही काढून टाकली. मोबाईलवर वाचणारा टॅबकडे बघतच नाही. आता फक्त चार, आणि पानाच्या डोक्यावर कुठल्या आवृत्तीवर तपासलंय ते.

उघडबंद होणारे डबे मात्र भरपूर वापरतो. डेल्टाने का गुणायचं, वाय खाली का वाढतो, सिग्नल जोडलाय का बघा, हे सगळं डब्यात. ज्याला माहीत आहे तो पुढे जातो, ज्याचा गेम अडलाय तो उघडतो.

धड्यातच गेम खेळता यावा ही सगळ्यांची हौस. गोडो चारच्या सुरुवातीच्या वेब एक्सपोर्टला सर्व्हरकडून खास हेडर लागायचे, गिटहब पेजेसवर ते आपल्याला लावता येत नाहीत, त्यामुळे गेम इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर ठेवून इकडे लिंक द्यायची असा उपाय होता. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ पासून थ्रेड बंद ठेवून एक्सपोर्ट करता येतं आणि ते साध्या होस्टिंगवर चालतं, आता आम्ही आयफ्रेममध्येच (पानातल्या चौकटीत) टाकतो. पण रिकाम्या गेमचीसुद्धा फाइल तीसेक एमबीच्या घरात जाते, कॉम्प्रेस होऊन कमी होते तरी मोबाईल डेटावर जाणवते, म्हणून आधी चित्र आणि खेळा असं बटण, दाबल्यावरच लोड. सी शार्पवाल्यांनी थांबावं, गोडो चारमध्ये त्यातून वेब एक्सपोर्ट नाही.

लोक जोडायचं म्हणाल तर तिथे टूल कमी पडतं. पानावर पेन्सिलचं बटण आहे, दाबलं की थेट गिटहबवर दुरुस्ती सुचवता येते, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या त्यातून छान येतात. पण पूर्ण धडा लिहिणारा माणूस फोर्क, ब्रँच, पुल रिक्वेस्ट असले गिटचे शब्द ऐकूनच गायब होतो. अजूनही चांगले धडे वॉट्सअपवर वर्ड फाइलमध्ये येतात आणि आमच्यातलं कुणीतरी रात्री बसून ते मार्कडाउनमध्ये आणतं. एका मुलीने शत्रूच्या पाथफाइंडिंगवर (वाट शोधण्यावर) इतकं सोपं लिहिलंय की आमच्यातल्या कुणाला जमलं नसतं, तिने गिट अजून उघडलेलं नाही. तिला जबरदस्ती करायची नाही असं ठरवलंय.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे ऑफलाइन प्लगिन. अख्खी साइट फोल्डरमधून उघडते, सर्चसकट. कॉलेजच्या लॅबमध्ये जिथे नेट नसल्यातच जमा, तिथे पेनड्राइव्हवर ट्युटोरियल आणि गोडोची झिप दिली की काम झालं. आयफ्रेममधले गेम तसे चालत नाहीत, त्यांना सर्व्हर लागतोच.

नवीन सुरू करणाऱ्यांनी एक बघून ठेवा, मटेरियलच्या टीमने नोव्हेंबर २०२५ मध्ये झेन्सिकल नावाचं नवीन टूल आणलंय आणि मटेरियल आता फक्त देखभालीवर आहे. जुनी वायएमएल फाइल त्यात चालते, पण तुम्हाला लागणारी प्लगिन चालतात का ते आधी तपासा. आमचं सगळं स्निपेट्स आणि ऑफलाइनवर उभं आहे म्हणून आम्ही मटेरियलची आवृत्ती पक्की बांधून तिथेच थांबलोय, पुढच्या सेमिस्टरची बॅच संपली की एका ब्रँचवर करून बघू.