फ्रीचा ‘टन्स ऑफ सॉब्ज’: हात राखून वाजवणारी चार पोरं

मी तबला शिकवतो, साथीला बसतो. रॉक आमच्या घरात मुलामुळे आलं आणि बरीच वर्षं ते माझ्या कानांवरून नुसतं जात राहिलं. फ्री या लंडनच्या बँडचा पहिला अल्बम, मार्च १९६९ मध्ये आलेला ‘टन्स ऑफ सॉब्ज’, मात्र मी एका बैठकीत पुरा ऐकला. त्यातलं ‘गोइंग डाउन स्लो’ तर संपल्या संपल्या पुन्हा लावलं.

मूळ गाणं ब्लूजमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांतलं, सेंट लुइस जिमी ओडनचं, १९४१ सालचं. तब्येत पार ढासळलेला एक माणूस म्हणतो, आईला पत्र टाका, माझी अवस्था कळवा. फ्रीने ते आठ मिनिटांहून जास्त वेळ खेळवलंय. बारा बारचं आवर्तन आहे, बार म्हणजे चार मात्रांचा एक विभाग. षड्जावरून मध्यमावर, मग पंचमापर्यंत जाऊन परत षड्जावर यायचं आणि पुन्हा निघायचं. लय चांगली विलंबित. अशा लयीत दोन ठोक्यांमधली जागा अंगावर येते, ती भरायला हात शिवशिवतात. ड्रमर सायमन कर्क ती भरत नाही. ठोका देतो, थांबतो, पुढचा ठोका जिथे पडायला हवा तिथेच टाकतो. साथीला बसणाऱ्याला विचारा, हे किती अवघड असतं!

त्या मोकळ्या जागेत पॉल कॉसॉफची गिटार बोलते. लहानपणी तो क्लासिकल गिटार शिकला होता, पण इथे बोटांची घाई कुठेच दिसत नाही. तार ओढून स्वर वर नेतो, तिथे धरतो आणि धरलेल्या जागीच थरथरवतो. हा कंप बारीक आणि जलद आहे, रडू आवरताना आवाज कापतो ना, तसा. शेजारी पियानो आहे स्टीव्ह मिलरचा (अमेरिकेतला प्रसिद्ध स्टीव्ह मिलर वेगळा). दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत.

आता अल्बम आला तेव्हाची वयं बघा. गायक पॉल रॉजर्स आणि कर्क एकोणीस, कॉसॉफ अठरा आणि बास, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा अँडी फ्रेझर सोळा वर्षांचा. फ्रेझर त्याआधीच जॉन मेयॉल या ब्रिटिश ब्लूजवाल्याच्या बँडमध्ये वाजवून आलेला. एप्रिल १९६८ मध्ये लंडनमधल्या बॅटरसीच्या नॅग्ज हेड पबमध्ये चौघं पहिल्यांदा एकत्र वाजले. फ्री हे नाव दिलं ॲलेक्सिस कॉर्नर या ब्लूज वादकाने. तिथल्या ब्लूजवाल्या पोरांना तो वडीलधाऱ्यासारखा होता. रॉजर्सचा आवाज ऐकताना हे वय पटत नाही. ‘वॉक इन माय शॅडो’मध्ये तो स्वर दाबून, छातीतून लावतो, कुठेही ओरडत नाही.

निर्माता गाय स्टीव्हन्स. खर्च सुमारे ८०० पौंड. एवढ्या पैशांत घासूनपुसून काढायला वाव नव्हता, आणि ते बरंच झालं. चौघं एका खोलीत वाजवतायत असंच ऐकू येतं. स्टीव्हन्सने ‘ओव्हर द ग्रीन हिल्स’ हे हळवं गाणं मधोमध कापून एक तुकडा सुरुवातीला, दुसरा शेवटी ठेवलाय. पहिला तुकडा मिनिटभरही टिकत नाही तोच ‘वरी’ या पुढच्या गाण्याची गिटार अंगावर येते. दचकायला होतं, पण मला ही युक्ती आवडली.

सगळंच सोनं नाही. ‘वाइल्ड इंडियन वुमन’ आणि ‘स्वीट टूथ’ मला साधारण वाटली, एकदा ऐकून पुरे. फ्रेझरचा बासही इथे हातचं राखूनच आहे. पुढच्या अल्बममध्ये तो जसा चालीतून वाट काढत जातो, तसा इथे क्वचितच. ‘द हंटर’ मात्र दणदणीत. अल्बर्ट किंगने १९६७ मध्ये गायलेलं हे गाणं या पोरांनी जास्त जड करून वाजवलंय. कर्कचा हात इथे उघडतो. आधी एवढा वेळ आवरून धरल्यामुळे तो उघडला की छातीत बसतो.

नंतरच्या सीडीवर जादा टेक, म्हणजे जास्तीची ध्वनिमुद्रणं, घातलेत. पहिल्या खेपेला ते सोडा, मूळची दहा गाणी दिलेल्या क्रमाने ऐका. लहान स्पीकरवर नको, बास पोहोचणारच नाही. मी हल्ली ठाय (संथ) लयीत घाई करणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांना ‘गोइंग डाउन स्लो’ लावून देतो आणि मांडीवर फक्त टाळी-खाली धरायला सांगतो. पहिल्या दिवशी दोघंही तिसऱ्या आवर्तनाला पुढे पळाले. गेल्या आठवड्यात धाकटी शेवटपर्यंत टिकली.