ऐरोलीची खाडीफेरी: अभ्यासक सोबत असतील तरच जा

मार्चमध्ये भाच्याला घेऊन ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने गेले. बोटीची वेळ भरतीवर ठरते. आम्हाला सकाळी पावणेसातची मिळाली. रोहित पक्षी भरपूर दिसले, फोटोही छान आले. पण पैसे वसूल झाले ते सोबतच्या फील्ड इकॉलॉजिस्ट (निसर्गाचा जागेवर जाऊन अभ्यास करणाऱ्या) ताईंमुळे.

सगळे मोबाईल काढून रोहितांकडे वळले होते, ताईंची दुर्बीण मात्र गाळावरच्या कुरवांवर, म्हणजे सीगल पक्ष्यांवर. "मावशी, तो एकटा उभा आहे ना, त्याचा उजवा पंख बघा." पंख लोंबत होता. वरून घार गेली, सगळा थवा उठला, हा जागचा हलला नाही. ताईंनी नावाड्याला लांबच इंजिन बंद करायला लावलं आणि दहा मिनिटं नुसतं पाहिलं: मान सावरतोय का, चोच उघडी आहे का, पिसं तेलकट झालीत का. मग वहीत वेळ आणि जागा टिपली, वनखात्याला फोन केला.

भाचा म्हणाला, उचलून घेऊ या ना! ताई ठाम नाही म्हणाल्या. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, हे मी विसरूनच गेले होते. पावसाळ्यात वादळाने किनाऱ्यावर येऊन पडलेले समुद्रपक्षी हातमोजे घालूनच तपासतात. छातीचं मधलं हाड बोटाला धारदार लागलं, तर पक्षी बरेच दिवस उपाशी आहे.

एक आजारी कुरव म्हणजे फक्त एक नोंद. पण दर आठवड्याला त्याच जागी मोजणी होते, म्हणून पुढच्या फेरीत तिथेच पाच दिसले तर पाण्यात काय मिसळलंय याचा शोध लगेच सुरू करता येतो.

कुरवांना शेव-गाठी टाकू नका, हेही त्यांनीच समजावलं. मार्चमध्ये त्यांची डोकी तपकिरी होऊ लागतात, परतीचा प्रवास जवळ येतो. लडाख आणि मध्य आशियातल्या तलावांपर्यंत उडायचं तर अंगावर मासळीची चरबी हवी, तळणाची नव्हे.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका बोटीने फोटोसाठी थेट थव्यात घुसून पक्षी उडवले होते. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आता त्या आठवणीनेही वाईट वाटतं.

टोपी आणि पाणी न्या. बुकिंगच्या वेळी अभ्यासक सोबत आहेत का ते विचारा. नसतील तर दुसरी तारीख घ्या.