मेडिकेअरचे डायबेटिस शिक्षणाचे १० तास: आईवडिलांसाठी वापरून पाहिल्यावर

अमेरिकेत मुलांकडे येऊन राहिलेल्या, ग्रीनकार्डवर सलग ५ वर्षं काढून पासष्टीनंतर मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, विकत घेतलेल्या आईवडिलांपुरतं हे लिहितोय. डीएसएमटी म्हणजे डायबेटिस स्वतः सांभाळायला शिकवणारे तास. पहिल्या खेपेचे १० तास जन्मात एकदाच मिळतात आणि पहिल्या सेशनपासून १२ महिन्यांत संपवावे लागतात. उरले ते बुडाले.

त्यातला १ तास एकट्याचा, ९ तास गटात. सगळी गोची या नऊ तासांत आहे. गट २ ते २० जणांचा, इंग्रजी भराभर, उदाहरणं बेगल आणि सीरियलची. मराठी आई मान डोलावून घरी येते. डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम, २०२५ साली २५७ डॉलर) भरून झालं की वर २० टक्के आपल्याच खिशातून. म्हणजे मान डोलावायचे पैसे! सुरुवातीचे काही महिने माझं मत हेच होतं: आपल्या लोकांसाठी पाण्यात पैसे.

आता ते मत बदललंय, कारण नियमातच पळवाट आहे. नजर, ऐकणं किंवा भाषा यांच्या मोठ्या अडचणीमुळे गटात शिकणं जमणार नसेल आणि डॉक्टरांनी तशी नोंद केली असेल, तर दहाच्या दहा तास एकट्याने घेता येतात. डॉक्टरांच्या ऑर्डरपासून २ महिन्यांत गटाचा वर्गच मिळत नसेल तरीही. क्लिनिक हे आपणहून सांगत नाही. रेफरलच्या (डॉक्टरांच्या शिफारस-चिठ्ठीच्या) छापील फॉर्मवर गटाच्या चौकटीत टिक करून मोकळे होतात. तेव्हा अपॉइंटमेंट घेण्याआधीच डॉक्टरांकडून रेफरलवर तास, ‘वैयक्तिक’ आणि भाषेचं कारण, तिन्ही लिहून घ्या. नुसतं ‘इंग्रजी कमी येतं’ पुरत नाही. त्यामुळे गटात शिकता येणार नाही, हे आलं पाहिजे.

दुभाषा फुकट मिळतो, पण मराठीच हवा हे बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर हिंदीवर भागवतात. बिल अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशोबाने होतं आणि अर्धा वेळ भाषांतरातच जातो, म्हणून सलग एक तास मागा.

आहारतज्ज्ञांचे तास (एमएनटी) वेगळे: पहिल्या वर्षी ३, पुढे दरवर्षी २, आणि त्यावर आपला हिस्सा शून्य. माझ्या मते खरा माल इथेच आहे. फक्त डीएसएमटी आणि एमएनटी एकाच दिवशी ठेवू नका, एकाचं बिल परत येतं. शिवाय एमएनटीचं रेफरल डॉक्टरांचंच लागतं. नर्स प्रॅक्टिशनरचं (डॉक्टरांसारखी तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित नर्सचं) डीएसएमटीला चालतं, इथे नाही.

जाताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका पोळीची कोरडी कणीक तोलून आकडा लिहून न्या. ३० ग्रॅम कणकेत सुमारे २० ग्रॅम कार्ब. नाहीतर समोरची बाई पोळीला टॉर्टिया समजून हिशोब मांडते. ९ इंची ताटाच्या चौथ्या हिश्श्यात पोळी आणि भात दोन्ही बसवायचे, यावर आई हमखास भांडते. तो वाद तिथेच होऊ द्या, तासाचे पैसे वसूल होतात.

दुसऱ्या वर्षापासून डीएसएमटीचे २ तास, दरवेळी नवं रेफरल. प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या उंबरठ्यावरची साखर) असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी एमडीपीपी हा मेडिकेअरचा डायबेटिस टाळण्याचा वेगळा कार्यक्रम आहे आणि तिथे आशियाई माणसाला बीएमआय २३ पासून घेतात, इतरांना २५ पासून.