गाडी ट्रेलरवरून मागवली: क्लेमचे पैसे मिळाल्यानंतरचा अनुभव

गाडी येऊन काही महिने झाले. बंपरच्या क्लेमचे पैसे परवा जमा झाले, म्हणून आता लिहितेय.

खुला ट्रेलर की बंद कंटेनर, घरपोच की डेपोपर्यंत, हे सगळ्यांना माहीत असतं. माझा सगळा जोर एकाच कागदावर आहे: गाडी उचलताना भरतात तो कंडिशन रिपोर्ट. न्यायला आलेला माणूस दिवेलागणीला आला, गाडीच्या चित्रावर दोन फुल्या मारल्या आणि म्हणाला, "मॅडम, सही करा." मी टॉर्च आणला आणि त्याला गाडीभोवती फिरवलं. मागच्या दाराचा जुना पोचा, आरशाखालचा ओरखडा, किलोमीटरचा आकडा, पाव टाकी पेट्रोल, 'पुढच्या बंपरची खालची कड शाबूत', सगळं लिहून घेतलं. तो वैतागला, पण लिहिलं. ती बंपरची ओळ नसती तर मला दमडीही मिळाली नसती.

कारण गाडी उतरली तेव्हा नेमकी तीच कड फाटलेली होती, एक क्लिप लोंबत होती. रॅम्पचा चढ तीव्र असला की बुटक्या गाड्या तिथेच घासतात. ड्रायव्हर म्हणाला, "आधी सही करा, मग ऑफिसला फोन करा." मी डिलिव्हरीच्या कागदावर नुकसान लिहिलं, फोटो काढले, मगच सही केली. काही न लिहिता सही दिली की गाडी धड मिळाली असाच अर्थ लावतात.

तेव्हा माझा सगळा राग ड्रायव्हरवर होता. आता नाही. क्लेमच्या मागे लागल्यावर कळलं की माझ्याकडून पैसे घेणारी कंपनी फक्त बुकिंग करते, ट्रेलर दुसऱ्याचाच. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. कड चढवताना घासली, हे शेवटी लेखी दिलं ते त्या ड्रायव्हरने.

म्हणून बुकिंगआधीच विचारा: ट्रेलर तुमचा की भाड्याचा? नुकसान झालं तर भरपाई कोण देणार? 'विमा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, सर्टिफिकेट मागा. त्यात गाडीची किंमत किती धरलीय, ओरखडे धरलेत का, सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाते, ते वाचा. डिकीत ठेवलेलं सामान बहुधा त्यात नसतंच. काचेवरचा टोलचा टॅगही काढून ठेवा, नाहीतर ट्रेलरवर बसलेल्या गाडीचा टोल तुमच्या खात्यातून जायचा.

मी पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई, तरी सगळ्यात स्वस्त कोटेशन घेतलं नाही. बुकिंगवाले आकडा पाडून सांगतात, त्या भावात ट्रेलरवाला मिळत नाही, गाडी पडून राहते आणि मग "थोडे वाढवून द्या" म्हणून फोन येतो.

पुन्हा गाडी पाठवायची झाली तर त्या ट्रेलरवाल्यालाच थेट विचारीन. बुकिंगवाल्यांनी क्लेममधून रंगकामाचे पैसे कापलेत, ते मी सोडलेले नाहीत.