मुंबई हायची कायम नोकरी की आखातातलं कंत्राट?

पुण्यात मेकॅनिकल करून समुद्रातल्या तेलविहिरींवर जायचं म्हणणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात: सरकारी तेल कंपनी ओएनजीसी, नाहीतर परदेशी ड्रिलिंग कंपनीचं कंत्राट. बारा तासांची पाळी दोन्हीकडे. पाण्याखालचं प्रशिक्षणही चुकत नाही: हेलिकॉप्टरची नकली केबिन तलावात बुडवून उलटी करतात, खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडून बाहेर यायचं. पट्टीच्या पोहणाऱ्यांचीही तिथे भंबेरी उडते.

फरक कळतो तो पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबात. ओएनजीसीचं अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र मुंबई हाय १९७४ साली सापडलं, १९७६ पासून तिथून तेल निघतंय. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरलं की रात्री कोथरूडला जेवायला घरी. मेडिकल, बढती, सगळं ठरलेलं. मात्र बदलीची ऑर्डर आसामचीही निघू शकते, हे मुलीकडच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

कंत्राटात पैसा जास्त, यात वाद नाही. पण बहुतेकदा सलग अठ्ठावीस दिवस समुद्रावर. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले, की रहिवासी ठरून परदेशी पगारही इथल्या करात येतो. त्यामुळे सुट्टीतही कॅलेंडर हातात. शिवाय तेलाचा भाव पडला की पहिली कुऱ्हाड कंत्राटावरच. २०१४च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६च्या जानेवारीत तिशीच्या खाली आलं, तेव्हा जगभर रिग, म्हणजे तेलविहिरी खोदणारे तळ, बंद पडल्या. बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता थोडाच थांबतो!

माझं मत? पंचविशीत कंत्राट खुशाल घ्या, पण चाळिशीत पहिल्यांदा त्यात उडी मारू नका.