कॅननेट, यशिका की झॉर्की? रोलचा रेंजफाइंडर घ्यायच्या आधी

रेंजफाइंडर, म्हणजे बघायच्या खिडकीत (फाइंडरमध्ये) दिसणाऱ्या दोन इमेज जुळवून फोकस करायचा कॅमेरा, म्हटलं की सगळ्यांना लायका आठवतो, पण लायकाच्या पैशात स्कूटर येते, तेव्हा तो विषय इथेच बंद. खिशाला झेपतील असे तीन बघू, आणि तिघांना एकच प्रश्न विचारू, सेल संपला तर काय?

कॅननेट क्यूएल१७ जी३, १९७२ चा. माझा लाडका, आधीच सांगतो. ४० एमएम, एफ १.७ लेन्स. शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येणार) आपण लावायचा, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडणार) तो बघतो, आणि ॲपर्चरची रिंग ऑटोवरून काढली की सेल नसला तरी फोटो निघतो, उजेड मोजणारं मीटर तेवढं बंद. मग भर उन्हात ४०० आयएसओचा (रोल उजेड किती लवकर पकडतो त्याचा आकडा) रोल असेल तर ॲपर्चर एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद, झालं काम. याला पूर्वी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो बंद झाला, आणि त्याच्यासारखाच दिसणारा १.५ चा घातला तर मीटरला उजेड जास्त वाटतो नि फोटो काळपट येतात. मी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घालतो, लहान पडतो म्हणून भोवती रबराचं वॉशर. त्या सेलवरचा स्टिकर एकदा काढला की वापरा किंवा नका वापरू, काही महिन्यांत संपतोच.

यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन (१९७३) नवशिक्यांसाठी मस्त. ४५ एमएम, एफ १.७, ॲपर्चर लावा, बाकी तो बघेल, अंधारात तर कमालच करतो. पण शटर स्पीड आपल्या हातात नाही, किती लागला तेही सांगत नाही, फक्त पिवळा-लाल दिवा (पिवळा म्हणजे उजेड कमी, लाल म्हणजे जास्त), आणि सेल गेला की एकच स्पीड, १/५००. शिवाय अंगाने धिप्पाड.

झॉर्की-४ रशियन, सेलच नाही, मीटरही नाही, सगळं हाताने. लेन्सा बदलता येतात, चष्मेवाल्यांसाठी फाइंडरला नंबर लावायची सोय आहे (आयपीसची धातूची कड मात्र चष्म्याला ओरखडे पाडते, अनुभव आहे). रोल पुढे सरकवल्याशिवाय शटर स्पीड बदलायचा नाही, नाहीतर यंत्र बिघडतं. शटर कापडी आहे, आणि लेन्स नि कापडामध्ये आरसा नसल्यामुळे सूर्याकडे तोंड करून ठेवलात तर भोक पडू शकतं, म्हणून लेन्सला टोपी लावून ठेवा. आणि मग ती काढायला विसरा! फाइंडर लेन्समधून बघत नाही ना, मी अख्खा रोल टोपीवरच मारलाय.

शिकायचंय तर कॅननेट, नुसते फोटो हवेत तर यशिका, हात काळे करायची हौस असेल तर झॉर्की. कुठलाही घ्या, फाइंडरमधल्या पिवळ्या ठिपक्यातली दुसरी इमेज दिसते का नि फोकस फिरवल्यावर जुळते का, ते विकणाऱ्यासमोरच बघा. यशिकाचा रोल सरकवायचा लिव्हर ओढताना आतून खट्ट आवाज यायला हवा, नाही आला तर आतलं रबर गेलंय, भाव पाडून मागा.